दादाभाई नवरोजींचा मतदारसंघ फिन्सबरी सेंट्रल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दादाभाई ब्रिटिश पार्लमेंटात निवडून गेले हे आपण शाळेत एका ओळीत शिकलो, पण ते कुठून निवडून गेले, तिथं कोण राहायचं, हद्द कुठून कुठं होती, नंतर त्या मतदारसंघाचं काय झालं, हे कोणी सांगितलं नाही. गेल्या काही वर्षांत ओळखीतल्या लोकांनी मला जे जे विचारलं त्याची उत्तरं एका जागी लिहून ठेवतेय.

फिन्सबरी सेंट्रल नक्की कुठं होता?

लंडनच्या अगदी मधे. सिटी म्हणजे जुनं बँकांचं लंडन, त्याच्या भिंतीबाहेर उत्तर-पश्चिमेला लागून क्लार्कनवेल नावाचा भाग आहे, तोच मुख्यतः हा मतदारसंघ. फॅरिंग्डन स्टेशनला उतरून उत्तरेकडे चालायला लागलात की तुम्ही त्यात शिरलात, आणि चढ चढून एंजलच्या चौकापर्यंत पोचलात की जवळजवळ संपला. रमतगमत गेलात तरी अर्धा तास. एवढीशी जागा.

मग फिन्सबरी पार्क?

नाही, ते वेगळं, आणि हा गोंधळ सगळ्यांचा होतो. माझे मामा लंडनला आले होते, त्यांची सगळी नोकरी मुंबईत फोर्टात बँकेत झाली, रोज व्हीटीला उतरून दादाभाई नवरोजी रोडवरनं चालत ऑफिसला, त्यामुळे त्यांना दादाभाईंचं फिन्सबरी बघायचंच होतं, आणि नकाशात फिन्सबरी पार्क स्टेशन दिसलं म्हणून ते सकाळी एकटेच तिकडे जाऊन आले. तिथं तळं आहे, झाडं आहेत, दादाभाईंचं काही नाही. हे पार्क जुन्या फिन्सबरीपासून काही मैल उत्तरेला आहे. नाव कसं आलं, तर एकोणिसाव्या शतकात फिन्सबरी मतदारसंघातल्या लोकांनी आपल्या दाटीवाटीच्या वस्तीसाठी मोकळी बाग मागितली, जागा मिळाली ती लांब, पण १८६९ साली बाग उघडली तेव्हा नाव मागणी करणाऱ्यांचंच राहिलं.

हा मतदारसंघ सुरू कधी झाला?

याचं उत्तर दोन टप्प्यांत आहे. १८३२ च्या मोठ्या सुधारणा कायद्यात फिन्सबरी नावाचा एक भला मोठा मतदारसंघ तयार झाला, दोन खासदारांचा. त्यात क्लार्कनवेल होतं, सेंट ल्यूक होतं, होबर्न, ब्लूम्सबरी, वर इझलिंग्टन आणि स्टोक न्यूइंग्टनसुद्धा. त्याआधी हा सगळा भाग मिडलसेक्स काउंटीचे जे दोन खासदार असायचे त्यांच्या वाट्याला.

त्या १८३२ च्या हद्दीत एक मजेशीर कलम आहे. क्लार्कनवेल पॅरिशचा एक तुकडा मूळ गावापासून तुटून लांब उत्तरेला, मसवेल हिलला होता. पॅरिश म्हणजे चर्चच्या हद्दीचा गाव समजा. मध्ययुगात क्लार्कनवेलच्या नन्सच्या मठाला तिकडे जमीन मिळाली होती, त्या जमिनीत एक विहीर होती, मठ गेला, राजे गेले, पण कागदावर ती जमीन शेकडो वर्षं क्लार्कनवेलचीच राहिली. मतदारसंघ आखताना मात्र कायद्यात लिहावं लागलं की इझलिंग्टनच्या उत्तरेला असलेला क्लार्कनवेलचा भाग यात धरायचा नाही. आपल्याकडे सातबाऱ्यावर असे तुकडे निघतात ना, शेत एका गावात आणि नोंद दुसऱ्या गावात, तसलाच प्रकार.

१८८५ मध्ये काय बदललं?

सगळंच. १८८४ च्या कायद्याने मतदार वाढले आणि १८८५ च्या जागावाटप कायद्याने मोठे मतदारसंघ फोडून बहुतेक ठिकाणी एक खासदार, एक मतदारसंघ अशी पद्धत आणली. इझलिंग्टन वेगळं झालं आणि त्याचेच चार भाग पडले. उरलेल्या फिन्सबरीचे तीन तुकडे झाले, होबर्न, सेंट्रल आणि ईस्ट. सेंट्रलच्या वाट्याला क्लार्कनवेल आलं, ईस्टच्या वाट्याला मुख्यतः सेंट ल्यूकचा भाग. ही तीन नावं लक्षात ठेवा, पुढे कामाला येतील, कारण दादाभाई यातल्याच एका तुकड्यात हरले आणि शेजारच्या तुकड्यात जिंकले.

हद्दीच्या गमती इथंही आहेत. 'एंजल, इझलिंग्टन' म्हणून जगाला माहीत असलेली जुनी सराई खरं तर क्लार्कनवेलच्या बाजूला होती. उलट पेंटनव्हिल ही वस्ती क्लार्कनवेलमधली, पण पेंटनव्हिल तुरुंग, जिथं १९०९ साली मदनलाल धिंग्रांना आणि १९४० साली उधमसिंगांना फाशी दिलं, तो वरती इझलिंग्टनमध्ये. नावावरून हद्द ठरवायला गेलं की लंडनमध्ये हमखास फसायला होतं.

तिथं राहायचं कोण? मत कोणाला होतं?

मला स्वतःला हा भाग सगळ्यात जास्त आवडतो. क्लार्कनवेल म्हणजे घड्याळवाल्यांचं गाव. एका घरात एक माणूस फक्त चाकं कापणार, शेजारी दुसरा स्प्रिंग बसवणार, तिसरा तबकडी रंगवणार, असं करत करत घड्याळ गल्लीतून फिरत पूर्ण व्हायचं. वरच्या मजल्यावर मोठी खिडकी असायची कारण बारीक कामाला उजेड लागतो, तशा खिडक्या काही घरांना अजून दिसतात. त्याशिवाय दागिने घडवणारे, छापखानेवाले, दारूच्या भट्ट्या, आणि एका अंगाला इटालियन लोकांची मोठी वस्ती. क्लार्कनवेल ग्रीन नावाचा चौक सभा-मोर्चांसाठी प्रसिद्ध होता, कामगारांच्या चळवळीचे लोक तिथूनच निघायचे. पुढे १९०२-०३ मध्ये लेनिन याच चौकातल्या एका इमारतीत बसून आपलं वर्तमानपत्र काढायचा, ती इमारत आज मार्क्स मेमोरियल लायब्ररी आहे.

मत मात्र सगळ्यांना नव्हतं. बाईला मत नव्हतंच, ते १९१८ साली तीस वर्षांवरच्या काही बायकांना मिळालं आणि पुरुषांच्या बरोबरीने १९२८ साली. पुरुषांमध्येसुद्धा घर सांभाळणारा किंवा ठराविक भाड्याच्या वर खोली घेऊन वर्षभर एका जागी राहिलेला माणूसच यादीत येणार, आणि क्लार्कनवेलसारख्या ठिकाणी लोक सारखे खोल्या बदलायचे, खोली बदलली की नाव गेलं. त्यामुळे एवढ्या दाट वस्तीत १८९२ साली मुख्य दोन उमेदवारांना मिळून सहा हजार मतंही पडली नाहीत.

दादाभाई आधी होबर्नमध्ये उभे होते ना?

हो, १८८६ साली. होबर्न म्हणजे वकिलांचा, दुकानदारांचा, हुजूर पक्षाला मानणारा भाग, तिथं कर्नल फ्रान्सिस डंकन यांनी त्यांना मोठ्या फरकाने हरवलं. पण गोष्ट तिथं संपली नाही. डंकन वारले, १८८८ च्या नोव्हेंबरमध्ये होबर्नला पोटनिवडणूक झाली, हुजूर पक्षाने जागा राखली पण मताधिक्य घटलं, आणि पंतप्रधान लॉर्ड सॅलिसबरी एडिनबराच्या भाषणात त्याचं कारण सांगताना बोलून गेले की मागच्या वेळी डंकनसमोर एक काळा माणूस होता, आणि इंग्रज मतदारसंघ काळ्या माणसाला निवडून देईल इतके आपण अजून पुढे आलो नाही.

या एका वाक्याने इंग्लंडभर गदारोळ झाला. लिबरल वर्तमानपत्रं सॅलिसबरींवर तुटून पडली, दादाभाईंसाठी नॅशनल लिबरल क्लबमध्ये जेवण ठेवलं गेलं, आणि ज्या माणसाचं नाव फक्त होबर्नला माहीत होतं ते घराघरात पोचलं. मला नेहमी वाटतं की साठीतल्या एका माणसाला, ज्याने मुंबईत एल्फिन्स्टनमध्ये गणित शिकवलं, मराठी मुलींच्या शाळांसाठी तरुणपणी खस्ता खाल्ल्या, त्याला हे सगळं जाहीरपणे ऐकून घ्यावं लागलं आणि तरी त्याने तोल सोडला नाही, हे निवडणूक जिंकण्याइतकंच मोठं आहे.

मग सेंट्रलच का निवडला?

१८८८ साली तिथल्या लिबरल संघटनेने त्यांना उमेदवार म्हणून निवडलं, पण ती निवड सरळ झाली नाही. रिचर्ड ईव्ह नावाचे दुसरे लिबरल दावेदार होते, पुढे फ्रेडरिक फोर्ड आले, आपलीच माणसं एकमेकांविरुद्ध, आणि हे भांडण जवळजवळ निवडणुकीच्या तोंडापर्यंत चाललं. दादाभाईंनी त्या काळात घरोघरी जाऊन काम केलं. आयर्लंडला स्वराज्य, बायकांना मत, कामगारांचे कमी तास, असे मुद्दे घेऊन ते फिरले, नुसते भारताच्या गरिबीवर बोलून क्लार्कनवेलचा घड्याळवाला मत देणार नाही हे त्यांना पक्कं कळलं होतं. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी त्यांना पाठिंब्याचं पत्र दिलं.

आणि मतदारसंघच मुळात काठावरचा. १८८५ साली लिबरल हॉवर्ड स्पेन्स्ली जिंकले, १८८६ साली हुजूर पक्षाचे कॅप्टन फ्रेडरिक पेंटन अगदी थोड्या मतांनी. पेंटन म्हणजे ज्या घराण्याच्या नावावर पेंटनव्हिल वसलं त्यातलेच, म्हणजे एका बाजूला तिथला जमीनदार आणि दुसऱ्या बाजूला मुंबईचा पारशी.

जिंकले किती मतांनी, ३ की ५?

दोन्ही आकडे वाचायला मिळतात आणि दोन्ही लिहिणारे खोटं बोलत नाहीत. जुलै १८९२ च्या निवडणुकीत दादाभाईंना २,९५९ आणि पेंटनना २,९५६ असा आकडा छापलेला असतो, म्हणजे फरक ३. पण मतं पुन्हा मोजली गेली तेव्हा फरक ५ निघाला, म्हणून ५ हा आकडाही वाचायला मिळतो. पेंटननी नंतर निकालाविरुद्ध अर्ज केला आणि मग मागे घेतला. नवरोजी हे नाव ज्यांना म्हणता यायचं नाही ते त्यांना 'मिस्टर नॅरो-मेजॉरिटी' म्हणायला लागले, म्हणजे जेमतेम मताधिक्यवाले. तीन धरा नाहीतर पाच, एका घराच्या तीन मजल्यांवर राहणारे भाडेकरू घरी बसले असते तरी इतिहास वेगळा झाला असता.

ते खरंच पहिले भारतीय खासदार का?

थोडं जपून बोलायला हवं. त्यांच्या आधी १८४१ साली डेव्हिड ऑक्टरलोनी डाइस सोम्ब्र नावाचा माणूस सडबरी मतदारसंघातून निवडून आला होता. सरधनाच्या बेगम समरूचा वारस, अंगात भारतीय रक्त. पण मतं विकत घेतल्याचं सिद्ध होऊन १८४२ साली ती निवडणूकच रद्द झाली. म्हणून कोणी अडून बसलं तर 'पहिले' शब्दावर वाद होऊ शकतो. पण भारताचा माणूस म्हणून, भारताचं म्हणणं मांडायला, आपल्या नावाने निवडून जाऊन बसलेले पहिले दादाभाईच, यात मला तरी शंका नाही. शपथ त्यांनी बायबलवर घेतली नाही, पारशांचा प्रार्थनाग्रंथ खोर्देह अवेस्ता हातात घेऊन घेतली.

तीन वर्षांत केलं काय त्यांनी?

सगळ्यात ठळक म्हणजे २ जून १८९३. आयसीएसची परीक्षा फक्त लंडनमध्ये व्हायची, ती भारतातही एकाच वेळी घ्यावी असा ठराव हाउस ऑफ कॉमन्समध्ये हर्बर्ट पॉल यांनी मांडला, दादाभाईंनी पाठिंब्याचं भाषण केलं आणि ८४ विरुद्ध ७६ मतांनी तो पास झाला. सरकारने अंमल केला नाही तो भाग वेगळा आणि चीड आणणारा आहे. त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये ते लाहोर काँग्रेसचे अध्यक्ष म्हणून भारतात आले. नंतर भारताच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी कमिशनवर ते सभासद होते, त्याच कमिशनपुढे १८९७ साली आपले गोपाळ कृष्ण गोखले साक्ष द्यायला गेले.

१८९५ मध्ये हरले कसे?

देशभर लिबरल पक्षाची धूळधाण झाली, त्यात हा काठावरचा मतदारसंघ टिकणार कसा. हुजूर पक्षाचे विल्यम मॅसी-मेनवेअरिंग जवळपास आठशे मतांनी आले. पण बघा, त्याच १८९५ च्या निवडणुकीत लंडनच्याच बेथनल ग्रीन नॉर्थ ईस्टमधून मुंबईचे मंचेरजी भावनगरी निवडून आले, तेही पारशी, पण हुजूर पक्षाचे, आणि १९०६ पर्यंत टिकले. म्हणजे फिन्सबरीत दादाभाई पडले ते त्वचेच्या रंगावरून, असं सरसकट म्हणता येत नाही. पक्षाची लाट जास्त मोठी होती. दादाभाई १९०६ ला नॉर्थ लॅम्बेथमधून पुन्हा उभे राहिले, तिथं पडले, आणि त्याच वर्षी कलकत्ता काँग्रेसच्या अध्यक्षपदी बसले.

त्यांच्यानंतर फिन्सबरी सेंट्रलमध्ये कोण कोण आलं?

मॅसी-मेनवेअरिंग १९०० लाही जिंकले. १९०६ च्या लिबरल लाटेत विल्यम चार्ल्स स्टेडमन आले, मूळचे बोटी बांधणारे कारागीर, कामगार चळवळीतले मोठे नाव. जानेवारी १९१० ला मार्टिन आर्चर-शी, हुजूर पक्षाचे, ते शेवटपर्यंत. त्यांच्या धाकट्या सावत्र भावावर नौदलाच्या शाळेत पाच शिलिंगची पोस्टल ऑर्डर चोरल्याचा खोटा आळ आला होता, तो खटला इंग्लंडात फार गाजला, आणि मार्टिननी भावासाठी आकाशपाताळ एक केलं.

१९१८ ला मतदारसंघ बंद का झाला?

१९१८ च्या कायद्याने मतदारांची संख्या एकदम वाढली आणि जागा नव्याने वाटल्या गेल्या. लंडनच्या मधल्या भागातून लोक उपनगरांत जात होते, छोट्या मतदारसंघांना अर्थ राहिला नव्हता. सेंट्रल आणि ईस्ट जोडून एकच फिन्सबरी झाला, जो तिथल्या म्युनिसिपल बरोच्या, म्हणजे स्वतःची नगरपालिका असलेल्या भागाच्या, हद्दीशी जुळत होता. आर्चर-शी तिथून १९२३ पर्यंत, मग लेबरचे जॉर्ज गिलेट, जॉर्ज वूड्स, आणि १९४५ ला जॉन प्लॅट्स-मिल्स, ज्यांना फार डावे म्हणून लेबर पक्षानेच १९४८ साली काढून टाकलं.

याच बरोमध्ये १९३८ साली डॉ. चुनीलाल कटियाल महापौर झाले, ब्रिटनमधले पहिले दक्षिण आशियाई महापौर. त्यांच्या पुढाकाराने झालेलं फिन्सबरी हेल्थ सेंटर पाइन स्ट्रीटवर उभं आहे, गरिबांना एका छताखाली डॉक्टर, दातांचा दवाखाना, क्षयाचा दवाखाना, आणि हे एनएचएस, म्हणजे ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवा, सुरू व्हायच्या दहा वर्षं आधी. दादाभाईंच्या मतदारसंघात हे व्हावं याचं मला फार अप्रूप आहे.

मग आज ती जागा कुठल्या मतदारसंघात येते?

१९५० ला फिन्सबरी शेजारच्या शोरडिचला जोडलं, १९६५ ला बरोच इझलिंग्टनमध्ये विलीन झाला आणि १९७४ पासून मतदारसंघाचं नाव इझलिंग्टन साउथ अँड फिन्सबरी. काठावरच्या निकालांची सवय मात्र गेली नाही. १९८३ ला लेबरच्या ख्रिस स्मिथ यांनी पक्ष सोडून एसडीपी या नव्या पक्षात गेलेल्या जॉर्ज कनिंगहॅम यांना फक्त ३६३ मतांनी हरवलं, आणि २००५ ला एमिली थॉर्नबेरी पहिल्यांदा आल्या त्या ४८४ मतांनी, आजही त्याच खासदार आहेत. २०२४ च्या निवडणुकीपासून हद्द पुन्हा हलली, हॅकनी बरोमधला डी बोव्हॉर वॉर्ड यात आला.

या हद्दी आता ठरवतं कोण?

इंग्लंडसाठी बाउंडरी कमिशन, स्वतंत्र संस्था. २०२४ साठी जी आखणी झाली त्यात नियम असा होता की काही बेटांचे मतदारसंघ सोडले तर प्रत्येक ठिकाणी मतदार ६९,७२४ ते ७७,०६२ च्या मधेच हवेत, त्यामुळे बरोची हद्द ओलांडून वॉर्ड उचलावे लागतात, डी बोव्हॉर तसाच आला. पुढची आखणी साधारण आठ वर्षांनी. आपल्याकडे लोकसभेच्या जागांचं राज्यवार वाटप अजून १९७१ च्या जनगणनेवर अडकलंय, त्या तुलनेत हे फार चटचट वाटतं, पण लोकांना आपला खासदार कोण हेच कळेनासं होतं अशी तक्रार तिकडेही असतेच.

मी भारतीय पासपोर्टवर लंडनमध्ये राहते, मला मत देता येतं का?

येतं! आणि हे बऱ्याच मराठी पोरापोरींना माहीतच नसतं, म्हणून मुद्दाम लिहितेय. भारत कॉमनवेल्थमध्ये आहे, त्यामुळे कायदेशीर व्हिसावर तिथं राहणाऱ्या भारतीय नागरिकाला, विद्यार्थ्यालासुद्धा, वयात बसत असेल तर पार्लमेंटच्या निवडणुकीत मत आहे. नाव मात्र आधी नोंदवावं लागतं, ऑनलाइन होतं, फार वेळ लागत नाही. मतदान केंद्रावर फोटोवालं ओळखपत्र लागतं आणि भारतीय पासपोर्ट चालतो. घर बदललं की परत नोंदणी करा, दादाभाईंच्या मतदारांचं तिथंच अडायचं.

बघायला जायचं तर काय बघायचं?

फॅरिंग्डनला उतरा, क्लार्कनवेल ग्रीनवरनं वर चला, एक्समथ मार्केट लागेल, तिथं खाऊन घ्या. पलीकडे रोझबेरी अव्हेन्यूवर फिन्सबरी टाउन हॉल, लाल विटांची इमारत, दादाभाई पडले त्याच १८९५ साली उघडलेली, तिच्यावर त्यांच्या नावाची पाटी आहे. तिथून काही मिनिटांवर मार्जरी स्ट्रीटजवळ नवरोजी स्ट्रीट आहे, छोटासा रस्ता, दोन्हीकडे राहती घरं, दुकान वगैरे काही नाही. शेवटी मी मामांना तिथं घेऊन गेले. त्यांनी रस्त्याच्या नावाची पाटी वाचली, मग मोबाइल काढून मला फोटो काढायला लावला, पाटीशेजारी ताठ उभे राहिले, आणि फोटो थेट बँकेतल्या जुन्या मित्रांच्या ग्रुपवर टाकला, खाली लिहिलं, डी. एन. रोडची लंडन ब्रँच.